मौनकाठ नावाची साडी नाही

समस्त साडीप्रेमी बंधूंना, आणि विशेषतः भगिनींना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की 'मौनकाठ' नावाची साडी या भूतलावर कधीही विणली गेलेली नाही. तिला ताणा नाही, बाणा नाही, गाव नाही. तिचा जन्म बंगळूरच्या चिकपेटेतल्या एका साडीच्या दुकानाच्या जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या मोबाइलवर झाला. जन्मदात्री मी. सर्वांनी नोंद घ्यावी.

कुणीही घेतली नाही. तर ऐका.

"हात बाहेर घे गं. फ्रेममध्ये येतायत."

हे मला. वय अठ्ठेचाळीस. पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक उठलं की घड्या घालायच्या, हे एकोणीस वर्षं माझं काम. बोलणाऱ्या बाई मल्लेश्वरमच्या, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. साड्यांवर मराठीत ब्लॉग लिहायच्या. बंगळूरपासून पुण्यापर्यंत बायका त्यांना विचारून साडी घ्यायच्या. त्या दिवशी व्हिडिओ होता आणि मी पदर धरून उभी होते. हात काढला तर पदर पडेल, असं मी म्हटलं.

"मग काहीतरी घाल हातांवर. किती काळे आहेत. साडीचा रंग मरतो."

सोबतच्या दोघी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. मालकांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पांढरे हातमोजे मागवले. तीन तास मी हातमोजे घालून पदर धरला. रबकवीच्या विणकराची मुलगी मी. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सूत ओळखते. त्या दिवशी बोटांना काही लागलंच नाही.

त्याच आठवड्यात मी ब्लॉग काढला. नाव 'पिको फॉल'. खाली माझं नाव नाही. त्यात मी या साडीवाल्या ब्लॉगांची टर उडवायची. त्यांच्या प्रत्येक साडीला एक राणी, एक ट्रंक आणि एक पाणावलेल्या डोळ्यांचा विणकर असायचाच. अहो, मग मीही एक साडी काढली. मौनकाठ! हिचे विणकर एकेचाळीस दिवस मौन पाळतात. म्हणून हिचा काठ इतका मऊ, की चालताना साडीचा आवाज होत नाही. लिहिताना जिन्यात एकटीच इतकी हसले की वॉचमन वर बघून गेला.

दहा दिवसांत मल्लेश्वरमच्या बाईंनी लिहिलं, "मौनकाठच्या गावी जाऊन आले. विणकर बोलला नाही. त्याचे डोळे बोलले."

मी पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे बोलले! कुणाचे?

मग जयनगरच्या दुसऱ्या एक ब्लॉगवाल्या बाई उठल्या. त्यांचं आणि यांचं जुनं वैर. त्या म्हणाल्या, मौनकाठ आधी मी शोधली, ही चोरी आहे. झाली सुरू लढाई! एकमेकींचे जुने लेख उकरले, मैत्रिणी वाटून घेतल्या. जी साडी नाही, ती आधी कुणी पाहिली यावर दोन शिकलेल्या बायका महिनाभर भांडल्या. असं सुख मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

शेवटी मी लिहिलं की ही साडी माझ्या डोक्यातली. आणि मी कोण? ज्या हातांना तुम्ही मोजे घातलेत, त्या हातांची बाई.

मला वाटलं, आता लाजतील. किती वेडी मी.

दोघी एका दिवसात एक झाल्या. म्हणाल्या, हा विणकरांचा अपमान आहे. विनोदालाही मर्यादा असते. शेकडो बायका मला शिव्या घालून गेल्या. माझ्या बाजूचे दोनचार जण होते, त्यांनी गुपचूप आपापले शब्द पुसले. एकीने खाली फक्त एवढंच विचारलं होतं, "या बाई कुणापैकी?" त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त पसंती होती.

मी विणकराला हसले नव्हते. विणकराच्या नावाने खोटं रडणाऱ्यांना हसले होते. आमच्या हातांना मोजे घातलेले त्यांना चालतात. आम्हाला हसता येतं हे मात्र त्यांना सोसत नाही.

आणि दुकानात बायका मौनकाठ मागू लागल्या. खोटी आहे हे वाचून आलेल्यासुद्धा. अण्णांनी पॉवरलूमचा एक गठ्ठा काढला, त्यावर लेबलं चिकटवली. मला बोलावलं.

"अक्का, मल्लेश्वरमच्या मॅडम येतायत व्हिडिओ करायला. तुम्ही स्वल्प बोलायचं. रागाच्या भरात लिहिलं म्हणायचं. साडी खरी आहे म्हणायचं. सरी? ठीक आहे ना?"

मॅडम आल्या. या वेळी माझे हात त्यांना हवे होते. मोजे नकोत म्हणाल्या.

"तुझे वडील विणकरच होते ना? मग सोपं आहे. सांग की ते मौनकाठ विणायचे. लोक रडतील."

गादीवर सातआठ गिऱ्हाइकं. कॅमेरा सुरू. माझ्या मांडीवर ती साडी, हाताला प्लॅस्टिकसारखी.

माझा बाप. सूत तुटलं की त्याच्या तोंडून शिवी निघायची. दिवसातून शंभरदा तुटायचं. मागाच्या आवाजाने त्याचे कान गेले, म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडायचा. सावकाराला, सरकारला, देवाला, आम्हाला. त्याला आता या बाई गप्प बसवणार होत्या. माझ्या तोंडून.

मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "माझा बाप मागावर एक दिवस गप्प बसला नाही. मेला तेव्हाच गप्प झाला. ही साडी खोटी आहे. ही गोष्ट मी चेष्टेत रचली."

मॅडमनी कॅमेरा खाली केला. "ए, कापा ते. पुन्हा घेऊ. अगं, नीट बोल."

"नाही."

"अक्का," अण्णा हळूच म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका."

एकोणीस वर्षं तिथेच संपली. मी साडीची घडी घातली, नीट घातली, आणि गादीवरून उतरले.

माझ्या सांगण्याने एकही मौनकाठ कमी खपणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. उद्या दुसरी बाई त्या गादीवर बसेल, तिचा बाप मौन पाळेल. त्या जिंकल्या आहेत. तरी माझा ब्लॉग मी पुसणार नाही. माफी मागणार नाही. माझं खोटं मी खोटं म्हणून लिहिलं होतं, त्यांचं खोटं मी खोटं म्हणत राहीन, वाचायला कुणी उरलं नाही तरी.

मी चपला शोधत होते. तेवढ्यात गादीवरच्या एक काकू, ज्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं, मोठ्याने मला म्हणाल्या,

"ते खोटंबिटं असू दे हो. जायच्या आधी एवढं सांगा, त्यात मोरपिशी आहे का?"