पुलापलीकडची भाऊबीज

२००६ साली ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली आणि मी नवऱ्याला, सुहासला, बजावलं, "यंदा मी चंद्राला ओवाळणार नाही." भाऊ लांब असला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. रियाधला आल्यापासून मी तेच करत होते. पण माझा धाकटा भाऊ बाळू बहारीनची नोकरी सुटून चिपळूणला कायमचा निघाला होता. तो पुन्हा कधी भेटणार, देव जाणे.

बहारीन म्हणजे टीचभर बेट, सगळं पोट व्यापारावर. त्यांनी अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार केला तेव्हा बाळू फोनवर नुसता नाचत होता. त्याच्या गोदामात अमेरिकी पंप बिनजकात येणार आणि समुद्रावरच्या पुलावरून सौदीत खपणार! झालं उलटंच. शेजाऱ्याने परस्पर केलेला करार सौदीला रुचला नाही. आता पुलावर जकात बसेल, या धास्तीने इकडच्या गिऱ्हाइकांनी हात आखडते घेतले. बाळूचा मालक म्हणाला, खलास.

रियाध ते पुलाच्या अलीकडचं अल-खोबर चारेकशे किलोमीटर, सरळसोट रस्ता. पेट्रोल पाण्याहून स्वस्त, म्हणून पाणी मात्र घरूनच न्या. दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच उंट. डिकीत करंज्यांचा डबा. वाटेत चहाला थांबलो तेव्हा सुहासने हळूच सांगितलं, "अगं, एक्झिट री-एंट्रीचा शिक्का झाला नाही. कफील उद्यावर ढकलत रोज 'बुकरा, इन्शाल्ला' म्हणायचा, आणि आता ईदची सुट्टी लागली."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" मी चहा तसाच ठेवून उठले.

कफील म्हणजे नोकरी देणारा मालक; त्याने काढून दिलेल्या या शिक्क्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही, पण वीस रियाल टोल भरून पुलाच्या मध्यावरच्या बेटापर्यंत जाता येतं. तिथे दोन मनोरे आहेत, एक सौदीचा, एक बहारीनचा. मध्ये पासपोर्टवाले, कागदांशिवाय ना इकडून तिकडे, ना तिकडून इकडे. ईदची ही गर्दी होती! आम्ही आमच्या मनोऱ्यावर चढलो, बाळू त्याच्या. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्याला फोन केला.

"ताई, मी लाल शर्ट घातलाय. दिसतोय का?"

"दिसतोस रे. मी दिसते का?"

"काळे ठिपके दिसतायत नुसते. सगळ्याच अबायात. तू कुठली?"

"हात फिरवतेय ती."

निरांजन तिथे कसलं लावणार? रिकामाच हात तीनदा ओवाळला. मग बाळू म्हणाला, "ओवाळणी चिपळूणला घे हं, ताई." मागच्या माणसांना काचेशी यायचं होतं, म्हणून आम्ही खाली उतरलो.

तुम्ही जाणार असाल तर शिक्का आधी हातात घ्या, मगच फराळ करा. रियाधला परतल्यावर करंज्या आम्हीच खाल्ल्या. मला एकही गोड लागली नाही.

बाळू घरी पोचला त्या दिवशी आईचा फोन आला. "ओवाळलंस ना गं त्याला? नीट पाहिलंस ना?"

"हो, अगदी नीट," मी म्हणाले.

पलीकडच्या मनोऱ्यावर लाल शर्टवाले दोघे होते. हे मी बाळूलाही सांगितलं नव्हतं. मी दोघांनाही ओवाळलं.