बुजवलेली फट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजही उठून चहा सांगायला जातो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही — हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वेगळं वाटेल.

सत्तरच्या दशकात ताकारीच्या पुढे एका खडीच्या खाणीवर मी सुपरवायझर होतो. विश्रामबागचा, नवा डिप्लोमा, नवे बूट, आणि अक्कल... ती यायची होती. खाणीत रेल्वेचा एक फाटा यायचा. त्या रुळांवरून ट्रकसाठी रस्ता काढायचा होता. रुळांच्या मध्ये जुने लाकडी स्लीपर टाकायचे, मुरूम दाबायचा, झालं. मुकादम म्हादबा आष्ट्याला गेला होता, म्हणून शेवटचा हात मीच फिरवला. रुळालगत आतून चार बोटं फट राहिली होती. ट्रकला दणका बसेल म्हणून ती मी मुरमानं भरली, पाणी मारून दुरमुसानं ठोकली आणि स्वतःच्याच कौतुकात तिच्यावर उभा राहिलो.

दुपारी म्हादबा आला. बघितलं आणि सायकल तिथंच आडवी टाकली.

“भाऊसाहेब, फट कुटं हाय?”

“बुजवली.”

“आन् गाडीच्या चाकाची रुळाच्या आत उतरती ती कड कुटनं जायाची? तुमच्या टकुऱ्यावरनं?”

तेवढ्यात शिट्टी झाली. रिकाम्या वाघिणी पुढे, इंजिन मागून ढकलतंय, आणि पहिल्या वाघिणीवर झेंडा घेऊन उभा आमचा तात्याबा — तीन लेकरांचा बाप. वाघीण रुळावरून उतरली तर पहिला तोच खाली. आम्ही दोघं टॉवेल हलवत, बोंबलत पळालो. त्याला वाटलं, रस्ता झाल्याचा आनंद. त्यानं हिरवा झेंडा हलवला.

मी डोळे मिटले. खडखड, खडखड... अकरा वाघिणी आणि इंजिन, सगळं पार.

आम्ही वाकून बघितलं. मुरूम जसाच्या तसा. माझ्या बुटांच्या खिळ्यांचे ठसेसुद्धा शाबूत. मग चाकं गेली कुठून? तीच फट पुन्हा उकरायला दोन गड्यांना पहारीनं दोन तास लागले.

पुढे बऱ्याच इंजिनिअर लोकांना विचारलं. एक म्हणाला, ऊन लागलं असेल. दोघांना एकदम? असो.

तात्याबा मात्र त्या दिवशी निवांत चहा पीत होता. “तितं जरा उचलल्यागत झालं बगा. पाळण्यात घातल्यावानी.” मग बशी खाली ठेवून मला म्हणाला, “परत असं करू नगा, भाऊसाहेब. दर बारीला कोन उचलंल?”