बुचाची फरशी

समोरच्याचा शब्द जसाच्या तसा खरा मानणारा आमच्या घरमालकांसारखा, म्हणजे आबांसारखा, दुसरा माणूस जुन्नर तालुक्यात नसावा. मी घाटघरहून कॉलेजसाठी जुन्नरला आलो आणि तीन वर्षं त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहिलो, म्हणून एवढं तरी खात्रीनं लिहितो. कुणी निरोप घेताना सहज "या एकदा घरी" म्हणालं, की आबा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन त्याच्या दारात. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीतून "येईल एवढ्यात" असं उत्तर आलं, की जीपवाले ओरडून दमले तरी ते जागचे हलायचे नाहीत. एकदा अशी सगळी दुपार त्यांनी उभ्यानं काढली. गाडी रद्दच होती. घरी आल्यावर मला म्हणाले, "यायची व्हती रं, पर तिला काय तरी झालं आसंल."

नोकरी त्यांनी हायवेवरच्या एका वाइनच्या कारखान्यात केली, बाटल्यांना बुचं बसवायच्या मशीनवर. गळ्यात तुळशीची माळ. बाटलीत काय भरतात ते कधी चाखलं नाही, हुंगलंही नाही. "भरणारा दुसरा. आपलं काम झाकायचं," म्हणायचे. टाकून दिलेली बुचं मात्र घरी आणायचे. खुर्चीच्या पायांखाली बूच, दारामागे बूच, पोळपाटाच्या पायांनाही बूच. काही म्हणजे काही वाजता कामा नये. त्यांची बायको मी येण्याच्या आधीच वारली होती. वाजवायला घरात दुसरं कुणी नव्हतंच, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

माझ्या पहिल्या दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून बायको आणि पोराला घेऊन आला. नातू नुकता पावलं टाकू लागला होता. तो घरातल्या शहाबादी फरशीवर पडला आणि कपाळाला टेंगूळ आलं. चार दिवस राहायला आलेली माणसं दुसऱ्या दिवशीच निघाली. मुलगा घड्याळाकडं बघत म्हणाला, "आबा, असल्या फरशीवर पोराला आणायचं कसं? ती आधी नीट करा, मग येतो आम्ही." मी पडवीतच उभा होतो. मला जे कळलं, ते आबांना कळलं नाही. रिक्षा वळली तरी ते खाली फरशीकडंच बघत होते. "बघ, हीच आडवी आली," ते म्हणाले.

मग त्यांनी पुण्यातून तऱ्हतऱ्हेचे नमुने आणले. रबर, गालिचा, प्लॅस्टिक, बूच. नातवाच्या डोक्याच्या जागी त्यांनी नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो धरला, लई पिकलेला नाही आणि लई कच्चाही नाही. मी स्टुलावरून एकेक टोमॅटो सोडायचा आणि आबांनी तो उचलून, चष्मा वर करून, मार लागलाय का ते बघायचं. आठ दिवस आम्ही टोमॅटोची चटणी खाल्ली. शेवटी बूच जिंकलं. "ह्याला मी आयुष्यभर दाबलंय," आबा म्हणाले, "पर ह्ये राग धरत न्हाई. पुन्ना वर येतं."

बुचाच्या टाइला आल्या आणि चिकटवायचं सोल्युशन नुसतं उघडून बघितलं, तसा उग्र वास गल्लीभर पसरला. त्यांच्या भजनी मंडळाचे दोघं जण नाक धरून आले. त्यातले एक वाकून टाइला हुंगत म्हणाले, "माळकऱ्याच्या घरात दारूच्या बाटलीची बुचं? आबा, आता टाळ कुठं ठेवायचा आमी?"

"बुचावरच ठेवा," आबा म्हणाले. "वाजणार न्हाई."

बुचाच्या टाइलांबरोबर आलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. डिक्शनरी घेऊन मी तो अडखळत वाचला. टाइला आधी तीन दिवस त्याच खोलीत उघड्या ठेवा, असं त्यात होतं. आबांनी तेही मनावर घेतलं. तीन दिवस त्या खोलीत मला मोठ्यानं वाचायला बंदी. "नव्या जागी आल्यात, रुळू दे त्यांना. तू आल्तास तवा चार दिस धड जेवला न्हवतास." हे त्यांनी पाहिलं होतं, मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून, त्यांच्या बायकोच्या लाटण्यानं एकेक टाइल दाबत गेलो.

सगळं झाल्यावर मी अनवाणी चाललो आणि भीतभीत म्हणालो, "आबा, आमच्या घरची सारवलेली जमीन पायाला अशीच लागते." बोललो आणि वाटलं, एवढ्या मेहनतीवर आपण शेण सारवलं. पण आबांचा चेहरा खुलला. "ऐकलंस का?" ते म्हणाले. माझ्याकडं बघून नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून.

एसटीडी बूथवरून मुलाला फोन झाला. "छान केलंत. येतो की," तो म्हणाला. आबा एसटीची वाट बघावी तशी वाट बघू लागले. संक्रांत गेली, उन्हाळा गेला, दुसरी दिवाळीही गेली. ते तिघं आले तिसऱ्या दिवाळीला, दीड तासासाठी. नातू आता बूट घालून घरभर पळत होता. आबा भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात थोडे पुढं केलेले. पोरगं एकदाही पडलं नाही.

ते गेल्यावर मी म्हणालो, "फरशी चांगली निघाली, आबा."

"न्हाई रं," ते म्हणाले. "मोठा झाला त्यो."

माझा शब्द त्यांनी खरा मानला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

परीक्षा संपल्यावर मी खोली सोडली. त्या दिवशी पाहिलं, तर उंबऱ्याच्या आतली एक टाइल त्यांनी उचकटून काढली होती आणि खालची शहाबादी उघडी पडली होती. "बुचावर कुणी आल्यालं कळत न्हाई," ते म्हणाले. "हितं पाय वाजंल." मी ट्रंक उचलली आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणालो, "येतो आबा."

आता मी भोसरीला नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की घाटघरला जातो, गाडी जुन्नरवरूनच जाते, आणि दर वेळी पोहोचायची घाई असते. ते "येतो" मी सवयीनं म्हणालो होतो. आबांनी ते कसं ऐकलं असेल, हे मला माहीत आहे.