त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं

तिला सगळे भोंगाबाई म्हणत. कपडे धुण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात उभा जन्म गेलेला. घरी मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. नवराही त्याच कारखान्यातला. खडखडाटानं त्याचे कान केव्हाच गेले होते. जगातला एकच आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा, तो बायकोचा.

"बहिऱ्याला भोंगा! देवानं जोडी बरी जुळवली," असं प्रार्थनाघरात लोक म्हणत, आणि ती दोघंही हसत. ती गायला लागली की त्याचे ओठ हलत, ती थांबली की तो जोरात 'आमेन' म्हणे. एकदा उपदेशाच्या मधेच ती शिंकली, तेव्हाही त्यानं आमेन ठोकलं होतं.

मग दिवस फिरले. प्रार्थनाघराच्या काचा फुटल्या. कोण आत जातं ते बघायला नाक्यावर टोळकं बसू लागलं. पाळकसाहेब 'प्रकृतीच्या कारणानं' बहिणीकडे गेले ते गेलेच. कारभार भोंगाबाईच्या धाकट्या दिराकडे आला. त्यानं पडदे ओढून घेतले, सगळ्यांना कुजबुजत गायला लावलं आणि वहिनीला मागच्या दाराशी पहाऱ्यावर बसवलं.

"कोणी आलं तर खोका, वहिनी. फक्त खोका."

ती खोकली की आतले लोक गप्प होऊन बाकांखाली दडायचे. तेवढी शिस्त मात्र मंडळीनं चोख अंगी बाणवली.

नवरा घरी येऊन म्हणायचा, "प्रार्थना सुरू कधी झाली नि संपली कधी, कळतच नाही गं. मला नेताना तरी मोठ्यानं गा. नाहीतर मी निघालोय हेच मला कळायचं नाही."

त्याच थंडीत तो गेला.

"उजाडायच्या आत उरकू," दीर म्हणाला. "गाडीतून, गुपचूप."

"कोंबडा आरवायच्या आत? भाऊजी, प्रभूला ओळखत नाही म्हणणाऱ्या त्याच्या शिष्यानंही हीच वेळ गाठली होती."

"टोमणे पुरे. नाक्यावरचे दगड मारतील. भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण माझ्या प्रभूला लोकांनी भर दिवसा, थुंकत, मारत नेलं. त्यानं आडवाट धरली नाही. आणि मी नवऱ्याला चोरून नेऊ?"

निघाले भर दिवसा. शवपेटी खांद्यांवर, दीर पुढे. नाका आला. टोळकं उठून उभं राहिलं. भोंगाबाईनं गाण्यासाठी तोंड उघडलं. पण इतके महिने न गायलेला घसा! आवाजाऐवजी खोकला आला.

झालं! मंडळीनं शिस्त पाळली. पेटी रस्त्यावर टेकवली आणि जो तो मिळेल त्या आडोशाला. दीर सगळ्यात आधी.

रस्त्यात उरली ती आणि पेटी. तिनं पेटीवर हात ठेवला, मनात प्रभूला हाक मारली आणि गायला लागली, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. एक दगड पेटीच्या झाकणावर आपटला. दुसरा तिच्या खांद्याला लागला. ती गातच राहिली. एकट्या म्हातारीला मारून मर्दुमकी ती काय गाजवणार? टोळकं कंटाळून बसलं. मग एकेक जण कपडे झटकत आला आणि पेटी उचलली गेली.

पुढच्या रविवारी दिरानं उभं राहून साक्ष दिली. "प्रभूनं आम्हाला धैर्य दिलं. आम्ही भर नाक्यातून गात गेलो!" मंडळी कुजबुजली, "आमेन."

भोंगाबाई मागच्या दाराशी होती, नेमल्या जागी. ती खोकली. आत बाकं करकरली आणि सगळं चिडीचूप झालं.

बाहेर कोणीच आलं नव्हतं. तिनं नुसता घसा साफ केला होता. मग ती पूर्ण आवाजात गायली, शेवटच्या कडव्यापर्यंत, आणि सवयीनं क्षणभर थांबली.

जोरात आमेन म्हणणारा आत कोणी नव्हता.