मार्चच्या अंकाचं लाल वर्तुळ

पनवेलच्या ज्या कॉलेजात मी नोकरी केली, तिथल्या ग्रंथालयात मासिकांचा विभाग अकरा वर्षं माझ्या एकटीकडे होता. प्रत्येक मासिकाचं एक कार्ड, कार्डावर बारा महिन्यांचे बारा चौकोन. अंक आला की टिक करायची आणि शेजारच्या रकान्यात तो कसा मिळाला ते लिहायचं: टपालाने, किंवा कुणी दिला असेल तर त्याचं नाव. महिना उलटूनही अंक आला नाही, तर चौकोनात लाल वर्तुळ आणि प्रकाशकाला स्मरणपत्र. माझी स्मरणपत्रं आमचे ग्रंथपाल इतरांना नमुना म्हणून दाखवायचे. अंक मात्र क्वचितच यायचे. 'शिल्लक नाही' एवढं उत्तर, तेही आलं तर. मग वर्षाचा खंड बाइंडिंगला जाताना त्या अंकाच्या जागी मी एक गुलाबी कागद घालायचे, 'अंक प्राप्त झाला नाही'. अक्षर सुरेख असायचं, हे माझं मीच सांगते.

मोबाइल नुकते सगळ्यांच्या हाती आले होते, तेव्हा चिरनेरहून एसटीने येणारी एक बाई माझ्या हाताखाली लागली. पहिल्याच आठवड्यात माझी कार्डं चाळून म्हणाली, "ताई, पत्रांनी काय होणार नाय. आपले जुने वाचक हायत ना, त्यांच्या घरी असतील अंक."

मी हसले. ती खरंच गेली. दुपारच्या सुट्टीत रद्दीवाल्यांकडे, निवृत्त मास्तरांकडे, आखातातून परतलेल्या एका चाचांकडे. चाचांनी माळ्यावरचं अख्खं बाड काढून दिलं. म्हणाले, "ले जा बेटी, इथे वाळवी खाईल, तिथे चार लोक वाचतील." दोन महिन्यांत तिने बाइंडिंगला जायच्या खंडांतली माझी नऊ लाल वर्तुळं टिक करून बुजवली. रकान्यात अंक देणाऱ्यांची नावं आणि खाली तिची सही. ग्रंथपाल सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, काम याला म्हणतात."

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी कार्डं राखली आणि ही आयत्या बिळावर नागोबा. तिच्या डब्यातला सुका जवळा एरवी मला किती आवडतो, पण त्याचा वासही डोक्यात जायला लागला.

एकच वर्तुळ राहिलं होतं. विज्ञानाच्या एका मासिकाचा मार्चचा अंक. तो कुणाकडेच नव्हता, आणि बाइंडर चार दिवसांत यायचा होता. अशात एका सकाळी टपाल वेगळं करताना तो माझ्याच हाती पडला. वेष्टनावर द्रोणागिरीच्या पोस्टाचा शिक्का होता, म्हणजे स्वारी भलतीकडे फिरून आली होती. शेजारच्या टेबलावर ती फोनवरून कुणाला तरी त्याच अंकासाठी गळ घालत होती. मी तो पर्समध्ये टाकला. म्हटलं, एक तरी वर्तुळ राहू दे, कळू दे हिलाही.

खंड गुलाबी कागदासकट शिवून आला. तिचा चेहरा पडला. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यायले.

पुढच्या वर्षी तिला दुसरीकडे कायमची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर तिने पिशवीतून मार्चचा अंक काढून माझ्यापुढे ठेवला. पळस्प्याच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाला होता.

"सरांना नाय दाखवला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी शोधत होते, ताई. त्या कार्डांत तुमचा किती जीव हाय, मी बघत होते ना. बाकीच्या अंकांत माझंच कौतुक झालं. यावर टिक तुमीच करा."

ती गेली, एसटी चुकली असती तिची. मी कार्ड काढलं आणि लाल वर्तुळावर टिक केली. मग रकान्यात तिचं नाव लिहायला पेन टेकवलं, आणि पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं. मी लिहिलं, 'टपालाने'.

तसं ते खोटंही नव्हतं. टपालाने आलेला अंक माझ्या घरी साड्यांच्या कपाटात आहे. त्याचं वेष्टन मी अजून फोडलेलं नाही.