लॅपटॉपच्या प्रोसेसरवर निघालेलं लग्न

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की भारनियमनाच्या एका उन्हाळ्यात, पापडी गावातल्या एका घराच्या माळ्यावर, लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये बसवण्याचा विधी पार पडला. उपस्थितांनी श्वास रोखून धरले होते. वाचकांनीही धरावेत.

घर माझ्या मित्राचं. तो लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा आणि मी विरारहून स्कूटरवर येऊन त्याच्या कामात नाक खुपसायचो. त्या आठवड्यात लग्न झालं होतं ते त्याच्याच बहिणीचं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, केळीच्या वाडीत घसरली, पायाला प्लास्टर बसलं आणि चर्चमधला विधी तिनं पाहिलाच नाही. आता मुलगी नवऱ्याबरोबर आखातात निघाली होती, त्याच संध्याकाळी.

"ती माझ्या बाजूला बसलेली असताना मला तिचं लग्न बघायचंय," मावशीनं बजावलं होतं. "नंतर मी एकटी काय बघू? भिंत?"

कॅमेराच टीव्हीला जोडून दाखवावं, तर तो कॅसेटसकट दुसऱ्या लग्नाला गेला होता. कापाकापी, जोडाजोडी झाली होती. फक्त सीडीसाठी फिल्म तयार व्हायची होती. त्यासाठी आमच्या कॉम्प्युटरला पाच-साडेपाच तास लागत. वीज मिळणार होती बारा ते चार. मध्येच गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमचा यूपीएस म्हणजे वीज गेल्याची बातमी देणारा नुसता भोंगा.

"चार तासांत बसवायचं तर एकच रस्ता," मित्र म्हणाला आणि त्यानं कानातल्यांची एक डबी उघडली. आत कापसावर लॅपटॉपचा प्रोसेसर. महिनाभर तो ती डबी जपत होता, धीर होत नव्हता. हा प्रोसेसर कमी विजेवर चालायला घडवलेला. त्याला थोडी जास्त वीज द्यायची, वेगाचा आकडा आपल्या हातानं वाढवायचा, की तो घोड्यासारखा पळतो, असं आम्ही इंटरनेटवर वाचलं होतं. तो आमच्या डेस्कटॉपच्या खाचेतही बसत होता. घोडा लाथही मारतो, हे वाचायचं राहिलं होतं.

अडचण अशी की त्याच्या डोक्यावर झाकण नव्हतं. नखाएवढा काळा, काचेसारखा तुकडा उघडाच. त्यावर गार ठेवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवायचा आणि त्याची स्प्रिंगची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं दाबून अडकवायची. ठोकळा जरा तिरका झाला की कोपऱ्याचा टवका उडणार आणि सगळं संपणार.

मी ठोकळा धरला. मित्रानं पट्टीवर जोर दिला. पट्टी हलेना.

"अजून दाब," मी म्हणालो.

"तू दाब. तुटलं तर तुझी बहीण माझ्याशी बोलणार नाही," मित्र घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला.

"बहीण तुझी आहे."

कट् असा आवाज झाला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघेना. खालून मावशीची जपमाळ ऐकू येत होती, तीही थांबली. मित्रानं वाकून टॉर्च मारला. पट्टी आकड्यात बसली होती.

बारा वाजता पंखा फिरला. वेगाचा पहिला आकडा आम्ही हावरटपणे ठेवला. पडदा निळा झाला आणि मशीन गार पडलं. आकडा एक पायरी खाली आणला. सुरू झालं, पळायला लागलं, आणि थोड्याच वेळात टूं टूं ओरडायला लागलं.

"काय झालं रे?" मावशी खालून.

"तापलंय, आय."

दोन मिनिटांत काका, म्हणजे मित्राचे वडील, जिना चढून आले. हातात मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कपड्याच्या पट्ट्या. "तिनं दिल्यात. कपाळावर ठेवायच्या म्हणे. कपाळ कुठंय याचं?"

पट्ट्या आम्ही आदरानं बाजूला ठेवल्या. मात्र कल्पना उचलली. पाहुण्यांच्या कोल्ड्रिंकच्या खोक्यातला बर्फ परातीत, परातीमागे टेबल फॅन, समोर उघडा कॅबिनेट. ओरडणं थांबलं. आता काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच जग. बर्फ वितळत होता. मी खिडकीतून खाली बघत राहिलो: अंगणात घड्या घातलेल्या खुर्च्या, मांडववाल्याचा जनरेटर, त्यावर वाळणारे पाहुण्यांचे टॉवेल, आणि पडवीत बॅगांना कुलपं लावणारा नवा जावई.

चारला थोडाच वेळ असताना सीडी निघाली, गरम पावासारखी. मित्र ती दोन बोटांवर धरून जिना उतरला. मावशी तक्क्याला टेकलेली, मुलगी तिचा हात धरून. टीव्हीवर चर्चचं दार उघडलं, ब्रास बँड वाजला, मुलगी वडिलांच्या हाताला धरून आत निघाली.

आणि वीज गेली.

टीव्हीलाही वीज लागते. वेगाचे आकडे लावताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मित्र भिंतीला टेकून खाली बसला. मुलीनं घड्याळाकडे पाहिलं. मावशी काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

काका मात्र उठले आणि अंगणात गेले. जनरेटरवरचे टॉवेल त्यांनी एकेक करून घडी घालून खुर्चीवर ठेवले आणि दोरी ओढली. धडधड सुरू झाली. वायर खिडकीतून आत आली. पडद्यावर मुलगी पुन्हा चर्चच्या दारात उभी राहिली.

मावशीनं मुलीचा हात घट्ट धरला, डोळे पुसले, आणि मग हळूच मान वळवून आम्हा दोघांकडे पाहिलं.

"आणि हा जनरेटर अंगणात असताना तुम्ही दोघं सकाळपासून वर काय करत होता?"