अंगणातल्या धानावरची लाल रेघ

धान वाळत घातलं की आमच्या आत्याचं अंगणातून हलणंच बंद होई. कुंपणाच्या फटीतून शेजारणीच्या बकऱ्या शिरत, आणि आत्याला ऐकू कमी येतं. म्हणून ती भर उन्हात काठी घेऊन बसून राही. मी मोहाडीला शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत करडीला घरी आले आणि तिला म्हटलं, "आत्या, तू आत बस. बकरी शिरली की रांधणीत चुलीपाशी दिवा लागेल, असं करून देते."

"दिवा? बकरी का बटन दाबते?"

फटीच्या एका बाजूला लेझर, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर. मधली उजेडाची रेघ तुटली की मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणक, दिवा लावणार. मी हे व्हिडिओ पाहून शिकले होते, हात शिवशिवत होते. घाईत लेझर डायोड थेट पाच व्होल्टवर लावला. भिंतीवर लखलखीत ठिपका उमटला आणि आत्या "अगंऽ" म्हणेपर्यंत तो मंद, फिकट होऊन गेला. पुन्हा काही तो उजळला नाही.

"काहून विझला वं?"

"जास्त करंट गेला. त्याले पाहिजे तेवढाच द्यायचा असते."

"मंग मोजून दे ना."

मी हसले, पण हिशेब मांडायला बसले. पाचातले दोनेक व्होल्ट लेझर स्वतःवर घेतो, उरलेल्याला आवर घालायला दीडशे ओहमचा रेझिस्टर. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर हा भार टाकायचा नाही. पिनने फक्त ट्रान्झिस्टरला इशारा द्यायचा, तोही एक हजार ओहमच्या रेझिस्टरमधून. लेझरचा करंट पाच व्होल्टच्या तारेतून येऊन ट्रान्झिस्टरमधून जाणार.

या वेळी उरलेला दुसरा लेझर आधी डबीतच ठेवला. त्याच्या जागी तीन साधे डायोड ओळीने जोडले आणि मल्टिमीटर लावला; तेही मिळून दोनेक व्होल्टच घेतात, आणि चूक झालीच तर लेझर वाचतो. आकडा लेझरला सोसणाऱ्या वीस मिलीअँपिअरच्या आतच थांबला. वीज बंद करून चालू केली, तार हलवून पाहिली, आकडा उसळला नाही. मग नळाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली आणि नवा लेझर बसवला. ठिपका उमटला आणि तसाच राहिला. आता जळणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी बराच वेळ मी त्याच्याकडे बघत राहिले.

फटीशी बसवताना आत्या उजेड कुठून येतो ते पाहायला वाकली. मी झटकन वायर ओढली. "डोळा नको लावू आत्या! हा टॉर्च नव्हे, आत गेला तर डोळा खराब होते."

ती सरळ झाली. "मंग लेकरं येतील तवा?"

रेघ बकरीच्या छातीइतकी उंच होती, म्हणजे रांगत्या लेकराच्या डोळ्याइतकी. मी लेझरच्या तारेला एक बटण जोडून ते रांधणीच्या दाराशी लावलं आणि आत्याच्या हवाली केलं. अंगणात लेकरं असली की लेझर बंद. तिने हे काम असं अंगावर घेतलं की मलाही विचारल्याशिवाय फटीकडे जाता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजी निवडत असताना दिवा लागला. काठी घेऊन ती ओरडत धावली. काळी बकरी धानात तोंड घालायच्या आधीच माघारी वळली. आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती, घामाने डबडबलेली आणि खूश.

आरडाओरडा ऐकून शेजारीण भांडायला आली. आत्याने तिला ठिपका दाखवला, आधी दटावून, "दुरून पाह्य, डोळा नको लावू!" शेजारीण बकरी विसरून बघतच राहिली.

"बाई, माह्या बकऱ्यायले तर अडवलं," ती मला म्हणाली, "आता माह्या धानावर दुसऱ्याच्या येऊन राहिल्या. मले पण एक करून दे."

मी तिच्या ओसरीवर सामान मांडलं, आणि आधी तेच तीन साधे डायोड जोडले.